दोन तोळे बेरियम

बेरियम हे नाव बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते पोटाच्या तक्रारीपायी. उपाशीपोटी बोलावून पांढरं, दाट, बेचव असं काहीतरी पाजतात आणि एक्स-रेच्या यंत्रापुढे उभं करून आतड्यांची वळणं बघतात. ज्यांचं पोट ठणठणीत आहे त्यांनी बेरियम दिवाळीत पाहिलेलं असतं. आकाशात फुटणारा हिरवा रंग त्याचाच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी केली, त्यामुळे त्याचं तेही दर्शन बेकायदा झालं.

तिसऱ्या एका ठिकाणी मात्र ते राजरोस नांदतं आणि त्याची कोणी चौकशीही करत नाही. कोल्हापूरहून पुण्याकडे निघालं की पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर शिरोलीची एमआयडीसी लागते. उलट दिशेला गेलं की गोकुळ शिरगाव, त्याच्या पुढे कागल. हा सगळा पट्टा फौंड्र्यांचा. प्रत्येक फौंड्रीत भट्टी, भट्टीजवळ एक तिरपं उभं केलेलं पोतं, पोत्यात एक पत्र्याचा डबा. पोत्यातले ते करडे, चकचकीत, बारीक खडे म्हणजे इनॉक्युलंट. त्यात बेरियम असावं की नसावं, असलं तर दोन टक्के असावं की दहा, यावर आमच्या धंद्यात जेवढा खल होतो तेवढा ताळेबंदावरही होत नाही. ताळेबंद सीए बघतो. बेरियमबद्दल प्रत्येकाचं स्वतःचं मत असतं.

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो. बिडाच्या रसात साधारण सव्वातीन-साडेतीन टक्के कार्बन असतो. रस गोठायला लागला की या कार्बनला ठरवावं लागतं, आपण सुटं राहायचं की लोखंडात गुंतायचं. सुटा राहिला तर ग्रॅफाइटच्या पाकळ्या होतात, कास्टिंग करडं येतं, मशीनवर सुरळीत कापलं जातं आणि सगळे खुशीत असतात. लोखंडात गुंतला तर आयर्न कार्बाइड होतं. ते पांढरंफटक, ठिसूळ आणि इतकं कठीण की त्यावरून कानस नुसती घसरते. कडेला, कोपऱ्यात, पातळ भागात रस झटकन गोठतो, कार्बनला विचार करायला सवड मिळत नाही, आणि घाईत तो नेमका हाच चुकीचा निर्णय घेतो. त्या पांढऱ्या भागाला आम्ही ‘चिल’ म्हणतो. तरुण मुलं हल्ली एकमेकांना ‘चिल मार’ म्हणतात तेव्हा फौंड्रीवाल्या बापाच्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

मग मशीन शॉपमधून फोन येतो, “साहेब, माल हार्ड आलाय.” फौंड्रीवाल्याच्या आयुष्यात याहून वाईट वाक्य एकच असतं: ‘पेमेंट पुढच्या महिन्यात.’ फोनवर पहिलं उत्तर ठरलेलं असतं, “टूल कुठल्या कंपनीचं लावलंय?” तिकडचं उत्तरही ठरलेलं, “टूल कालपर्यंत चालत होतं.” वाद अर्धा तास चालतो. कार्बाइडचं इन्सर्ट कार्बाइडच्या कास्टिंगवर मोडलेलं असतं; फरक एवढाच की त्यांचं कार्बाइड पैसे मोजून आणलेलं आणि आमचं फुकटात तयार झालेलं.

हे टाळण्यासाठी इनॉक्युलंट. म्हणजे फेरोसिलिकॉन, ज्यात सत्तर-पंचाहत्तर टक्के सिलिकॉन असतं. हा माल बनवायला टनामागे आठ-नऊ हजार युनिट वीज लागते. म्हणून जिथे नद्या डोंगरावरून कोसळतात आणि वीज स्वस्त मिळते अशा भूतानसारख्या देशात याचे कारखाने निघाले आणि त्यांचा माल भारतात येतो. आता गंमत अशी, की हे फेरोसिलिकॉन अगदी शुद्ध असेल तर बिडाला इनॉक्युलंट म्हणून त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही. काम करतात त्यातली किरकोळ मंडळी: एखादा टक्का कॅल्शियम, एखादा टक्का ॲल्युमिनियम आणि चार पैसे जास्त मोजले तर बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम. बाकीचे पंचाण्णव टक्के त्यांना घेऊन येण्यापुरते. ज्यांनी कुठल्याही कचेरीत नोकरी केली आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही.

ही किरकोळ मंडळी रसातल्या ऑक्सिजन आणि गंधकाशी मिळून डोळ्यांना न दिसणारे कण तयार करतात आणि त्या कणांवर कार्बन ग्रॅफाइट होऊन बसायला लागतो. बसायला जागा मिळाली की तो लोखंडाच्या नादी लागत नाही. एवढंच तत्त्व.

प्रमाण बघा. तीनशे किलोच्या लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या बादलीत, ०.३ टक्के इनॉक्युलंट टाकायचं म्हणजे नऊशे ग्रॅम. त्यात अडीच टक्के बेरियम, म्हणजे साडेबावीस ग्रॅम. दोन तोळेही भरत नाही. तीनशे किलो रसाचं चारित्र्य या जेमतेम दोन तोळ्यांवर टिकायचं असतं, आणि ते मोजायला आमच्याकडे काय, तर पत्र्याचा डबा. डबा काठोकाठ की शीग लावून, हे त्या दिवशी तो कोणाच्या हातात आहे त्यावर. सोनाराने असं माप ठेवलं असतं तर सराफांच्या गुजरीत दंगल झाली असती.

बिडात असं चिमूटभर काहीतरी टाकून ते सुधारायची कल्पना शंभर वर्षांची आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी मीहान नावाच्या फौंड्रीवाल्याने १९२०च्या दशकात लॅडलमध्ये कॅल्शियम सिलिसाइड टाकून पांढरं होणारं बीड करडं करून दाखवलं आणि त्या बिडाला आपलंच नाव दिलं, मीहानाइट. आपल्याकडे त्याच्या आधीच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर काढला होता आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली होती. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनतं, या भीतीने शेतकरी तेव्हा तो विकत घ्यायला धजत नसत. त्यांच्याच पणतवंडांनी पुढे फौंड्र्या काढल्या, आणि ती आता सेल्स इंजिनिअरला विचारतात, “दोनच टक्के बेरियम? जास्तीचं नाही का काही?”

तर बेरियमच का? कॅल्शियम स्वस्त आहे, तेही काम करतंच. अडचण ही की त्याचा परिणाम टिकत नाही. मराठीत स्मशानवैराग्य म्हणतात तसा हा प्रकार आहे. माणूस स्मशानात उभा असतो तोवर त्याला सगळं क्षणभंगुर वाटतं. परतताना टपरीवर चहा होईस्तोवर वैराग्य निम्म्यावर येतं आणि घरी पोचेपर्यंत जागेच्या वाटणीचा विषय निघतो. बिडाचंही तेच. इनॉक्युलंट टाकल्याक्षणी रस अगदी विरक्त, कार्बन सुटा राहायला तयार. पण मिनिटं जातील तसे ते कण विरघळतात, एकमेकांना चिकटून वर तरंगतात, रसावरच्या मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये, जातात. कॅल्शियमवाल्या मालाचा निम्मा असर साधारण सहा-सात मिनिटांत उतरतो आणि पंधरा मिनिटांनी तो नावापुरता उरतो. बेरियमने तयार झालेले कण जास्त चिवट, त्यामुळे हे वैराग्य वीस मिनिटांच्या घरात टिकतं. जन्मभर नाही. बेरियम काही संत नाही. घरी पोचेपर्यंत टिकतं, एवढंच.

आता खरेदी. सेल्स इंजिनिअर येतो तो इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि फौंड्रीच्या दारातच तो शर्ट करडा होतो. बॅगेतून तो एक आलेख काढतो. त्यात दोन रेषा असतात. वरची, जवळजवळ आडवी, ती यांच्या मालाची. खालची, कड्यावरून उडी मारल्यागत कोसळणारी, ती ‘इतरांची’. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा इंजिनिअर येतो. त्याच्याकडे तोच आलेख असतो, फक्त वरच्या रेषेचा रंग वेगळा. हे ‘इतर’ कोण आहेत आणि एवढा वाईट माल विकून ते धंद्यात कसे टिकून आहेत, हे आजवर कळलेलं नाही.

खरेदीवाले आमचे देसाई. (हे नाव बदललेलं आहे, स्वभाव प्रत्येक फौंड्रीत तोच असतो.) त्यांना आलेखाशी कर्तव्य नाही. त्यांचा प्रश्न एकच, “किलोला काय भाव?” त्यावर कोणी समजावलं की भाव किलोवर नसतो, टनामागे किती लागतं त्यावर असतो, तर ते शांतपणे म्हणतात, “मग टनाला काय भाव?” एकदा त्यांनी तीन कोटेशनं समोर ठेवून सगळ्यांत स्वस्त माल निवडला. कागद बघितला तर त्यात बेरियम लिहिलं होतं ‘३ टक्के कमाल’. कमाल तीन म्हणजे शून्यही चालतं, हे देसाईंना पटवायला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. किमान किती, हे ज्या कागदावर लिहिलेलं नाही तो कागद म्हणजे नुसती शुभेच्छा.

टेस्ट सर्टिफिकेटचंही तसंच. हद्द दोन ते तीन टक्के असेल तर सर्टिफिकेटवर आकडा हमखास अडीचच्या आसपास. पोती बदलतात, महिने बदलतात, आकडा जागचा हलत नाही. आमच्या स्पेक्ट्रोवर तो तपासताही येत नाही, कारण ते यंत्र बीड तपासायला लावलेलं आहे, फेरोसिलिकॉन नव्हे. माल बाहेरच्या लॅबमध्ये पाठवावा लागतो. आणि बिडात बेरियम शोधावं म्हटलं तर तिथे ते हाताला लागत नाही. दोन तोळ्यांतलं बरंचसं स्लॅगबरोबर निघून गेलेलं असतं. स्पेक्ट्रोवरून आठवलं: त्याला जे नाणं लागतं ते मुद्दाम तांब्याच्या साच्यात ओतून झटकन गोठवावं लागतं, म्हणजे पांढरं. करडं नाणं दिलं तर त्याचं कार्बनचं गणित बिघडतं. म्हणजे एकाच भट्टीशेजारी, एकाच लॅडलमधून, एक माणूस पांढरं यावं म्हणून धडपडतो आणि दुसरा करडं यावं म्हणून. दोघांचा पगार एकाच खात्यातून जातो.

टक्केवारीच्या नादात खड्याच्या आकाराकडे कोणी बघत नाही. तीनशे किलोच्या लॅडलला एक ते तीन मिलिमीटरचा खडा ठीक, मोठ्या लॅडलला दोन ते सहा. पोत्याच्या तळाची भुकटी झाडून टाकली तर ती रसात उतरायच्या आधीच जळून जाते. हरभऱ्याएवढे खडे लहान लॅडलमध्ये टाकले तर विरघळत नाहीत आणि कास्टिंगमध्ये कठीण गाठी होऊन बसतात. टाकायची वेळही ठरलेली आहे. लॅडल पाव भरलं की टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतून पडणाऱ्या रसाच्या, धारेत, सावकाश. रिकाम्या लॅडलच्या तळाला आधीच टाकून ठेवलं तर अस्तराला चिकटतं. भरल्यावर वरून फेकलं तर स्लॅगवर बसून राहतं, जत्रेत हरवलेल्या पोरासारखं चहूकडे बघत.

आणि स्वस्त मालातल्या ॲल्युमिनियमकडे नक्की बघा. साच्याच्या ग्रीन सँडमध्ये ओलावा असतोच. रसात ॲल्युमिनियम वाढलं की ते त्या ओलाव्यातलं हायड्रोजन सोडवतं आणि कास्टिंगच्या कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. ती दिसतात मशीनिंग झाल्यावर, म्हणजे सगळा खर्च होऊन गेल्यावर. देसाईंनी किलोमागे वाचवलेले रुपये त्या भोकांतून गळतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. स्ट्रॉन्शियमवाला माल पातळ कास्टिंगला फार चांगला, चिल मारतो पण आतल्या ग्रॅफाइटच्या पेशींची संख्या बेसुमार वाढवत नाही. मात्र त्यात कॅल्शियम अगदी नगण्य ठेवावं लागतं, दोघांचं एका पोत्यात पटत नाही. झिर्कोनियम नायट्रोजनला धरून ठेवतं, त्यामुळे जिथे स्टील स्क्रॅप आणि रेझिनचे कोअर भरपूर तिथे ते उपयोगी. दहा टक्क्यांच्या आसपास बेरियम असलेला मालही मिळतो. तो जाड कास्टिंगला आणि ज्यांना रस फार वेळ थांबवावा लागतो त्यांना. आमच्यासारख्यांनी तो घेणं म्हणजे रंकाळ्यावर फिरायला जहाज घेणं. आणि जास्त टाकलं म्हणजे जास्त चांगलं, हाही गैरसमज आहे. पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या की आत स्पंजासारखी पोकळी पडते आणि हायड्रॉलिकचा व्हाल्व्ह बॉडी ग्राहकाच्या टेस्ट बेंचवर पाझरतो.

गंधकाचं सांगितलं नाही तर लेख अपुरा राहील. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची त्या काळी भट्टी म्हणजे कुपोला आणि कुपोलात कोक. कोकमधून गंधक आपोआप रसात यायचं आणि प्रत्येक प्राध्यापक ते कसं कमी करावं यावर फळा भरायचा. आता विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या, स्टीलचं भंगार आलं, गंधक गेलं. ०.०५ टक्क्यांच्या खाली गेलं की ग्रॅफाइटला बसायला सल्फाइडचे कणच पुरेसे मिळत नाहीत आणि महागडं बेरियमही हात टेकतं. त्यामुळे आम्ही आता आयर्न सल्फाइड विकत आणून भट्टीत टाकतो. ज्या खलनायकाला दोन पिढ्यांनी हुसकावलं त्याला भाडं भरून परत बोलावलंय.

आमच्या भट्टीवर एक मामा आहेत. शिक्षण सातवी, नजर मायक्रोस्कोपची. हीट, म्हणजे भट्टीभर रस, निघाली की ते पाचरीच्या आकाराच्या छोट्या साच्यात रस ओततात, ती पाचर लाल-काळी झाली की पाण्यात बुचकळतात आणि ऐरणीवर ठेवून हातोड्याचा एक घाव घालतात. मोडलेलं तोंड उजेडाकडे धरतात. टोकाला चांदीगत चमकणारा पांढरा भाग, मग ठिपक्याठिपक्यांचा पट्टा, मग करडं. पांढरा भाग बोटाच्या नखाने मोजतात आणि सांगतात, “चालतंय.” किंवा नुसतं “हं.” ‘हं’ आलं की आम्ही तो लॅडल पुढे जाऊ देत नाही.

एकदा बेरियमवरची बैठक रंगात आली होती, सेल्स इंजिनिअर आलेख उलगडत होता, देसाई कॅल्क्युलेटरवर होते, मी गंधकावर होतो. तेवढ्यात मामा सहीला रजिस्टर घेऊन आले. थोडं ऐकलं आणि म्हणाले, “साहेब, पोतं बदलून काय हुणार हाय? त्या क्रेनचं बघा की आधी. लॅडल उचलतीया आणि मधीच थांबतीया. शेवटचा बॉक्स भरस्तोवर रसाचा जीव जातोय.”

कोणी काही बोललं नाही. सेल्स इंजिनिअरने आलेखाची घडी घातली. कारण ते खरं होतं. टॅपिंगपासून शेवटच्या बॉक्सपर्यंत, म्हणजे शेवटच्या साच्यापर्यंत, सहा मिनिटं, असं आमच्या प्रोसेस शीटवर ग्राहकाच्या ऑडिटसाठी छापलेलं होतं. प्रत्यक्षात क्रेन अडकायची, एखाद्या बॉक्सचा कोअर बसवायचा राहिलेला असायचा, आणि लॅडल हवेत लटकलेलं असताना कोणीतरी फोनवर “हॅलो, आवाज येतोय का?” करत असायचा. हार्ड निघणारे नग नेहमी शेवटच्या चार-पाच बॉक्समधले होते. मशीन शॉप ते सांगत होतं; आम्ही ऐकताना टूलच्या कंपनीचं नाव विचारत होतो.

क्रेनचा ब्रेक दुरुस्त झाला. त्यानंतर बेरियमही आलं, दोन ते तीन टक्क्यांचं, किमान आकडा लिहून घेऊन. कारण क्रेन माणसाने बनवलेली आहे आणि ती पुन्हा अडकणारच. जाड ब्रेक ड्रमला साधं कॅल्शियमवालंच ठेवलं, त्याला एवढं पुरतं. पातळ हाउसिंगला मोल्डमध्ये ओततानाच धारेत ०.१ टक्का बारीक भुकटी सोडतो. ती टाकल्यापासून रस गोठेपर्यंत सेकंदच जातात, त्यामुळे फेडिंगचा, म्हणजे असर उतरण्याचा, प्रश्न जवळपास संपतो. भुकटीचा फीडर पावसाळ्यात तुंबतो, त्याला भट्टीजवळच्या गरम जागेत ठेवावं लागतं, आणि तिथे ठेवलं की कोणीतरी त्याच्यावर टॉवेल वाळत घालतो. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

तेव्हा नव्याने इनॉक्युलंट निवडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. मोबाइलमधलं घड्याळ लावून आधी टॅपिंगपासून शेवटच्या बॉक्सपर्यंतचा वेळ मोजा, तोही ऑडिटच्या दिवशी नव्हे, साध्या दिवशी, दुसऱ्या शिफ्टला. पाच-सहा मिनिटांत आटोपत असेल तर बेरियमचे जास्तीचे पैसे देऊ नका, त्या पैशांत वजनकाटा घ्या आणि तो पत्र्याचा डबा भंगारात टाका. दहाच्या पुढे जात असेल आणि कमी होणं शक्य नसेल तर बेरियम घ्या, दोन-तीन टक्क्यांचं पुरे. गंधक तपासा, खडा तपासा, ॲल्युमिनियम तपासा. उघडं पोतं जमिनीवर ठेवू नका. आणि सेल्स इंजिनिअर आला की त्याला ऑफिसात एसीत बसवू नका. भट्टीवर न्या, शेवटचा बॉक्स भरेपर्यंत उभा करा, मग आलेख काढायला सांगा. चहा त्यानंतर द्या.